जयवंतीच्या हनुवटीवरची पुटकुळी

मंगळवारी सकाळी पावणेआठला बायकांच्या चेंज रूममध्ये जयवंती आरशासमोर उभी होती आणि हलत नव्हती. तिच्यामागे सहा बायका खोळंबल्या होत्या.

"अगो, आरसा विकत घेतलास काय?" चेंज रूम सांभाळणारी जमनामावशी ओरडली. "मागं बाया उभ्या हायेत ना!"

जयवंती बाजूला झाली. पण मान खाली घालून, हनुवटी ओढणीत लपवून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच मला कोपऱ्यात बोलावलं. कोपऱ्यात गेल्यावर तिने ओढणी बोटभर खाली केली. हनुवटीच्या डाव्या बाजूला, मास्कची कड जिथे घासते नेमकी तिथेच, मसुराच्या डाळीएवढी लालबुंद पुटकुळी आली होती.

"स्नेहल मॅडम, गुरुवार हाय परवा," ती म्हणाली.

मला ते माहीत होतं. गुरुवारच्या चाचणीच्या प्लेटा मीच भरणार होते.

आमची कंपनी तारापूर एमआयडीसीत आहे. डोळ्यांत घालायचे थेंब बनवते. थेंब बाटलीत भरायची जी खोली आहे, तिथे जंतू चालत नाहीत, आणि माणसाच्या अंगावर तर लाखो जंतू असतात. म्हणून आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख चढवायचा. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क, हातांत दोन दोन मोजे. पोशाख चढवताना त्याची बाहेरची बाजू जमिनीला, भिंतीला, आपल्या हाताला कुठेही लागता कामा नये. त्याला गाऊनिंग म्हणतात. नव्या माणसाला आत घेण्याआधी त्याची ओळीने तीन वेळा परीक्षा होते. पोशाख चढवून झाला की मी मऊ जेलच्या छोट्या प्लेटा त्याच्या कपाळावर, छातीवर, हातांवर आणि दहाही बोटांवर टेकवते. त्या प्लेटा पाच दिवस उबेत ठेवायच्या. जंतू असतील तर त्यांचे ठिपके उगवतात. तीनपैकी एकदा जरी चुकलं, तरी पुन्हा पहिल्यापासून.

जयवंतीचे दोन गुरुवार स्वच्छ गेले होते. एकही ठिपका नाही. तिसरा राहिला होता.

आणि आमच्या नियमांच्या कागदावर सहाव्या ओळीत लिहिलंय, की चेहऱ्यावर किंवा हातांवर फोड, जखम, लाली, पुरळ असलेल्या माणसाने आत जायचं नाही. नियम बरोबरच आहे. चिडलेल्या कातडीवरून जंतू जास्त सुटतात आणि ते कोणाच्या तरी डोळ्यात जाऊ शकतात. पण नियम कागदावर असतो आणि तो पाळून घेणारा माणूस दारात. आमच्या दारात ज्ञानेश सर असायचे. भरण्याच्या विभागाचे सुपरवायझर. लाल काही दिसलं, की ते दुसरं काही विचारायचे नाहीत. मागच्याच महिन्यात सफाळ्याच्या भाविकाला त्यांनी कपाळावरच्या एका पुटकुळीसाठी दारातून परत पाठवलं होतं. डॉक्टरकडेही पाठवलं नाही. भाविकाची तीन चाचण्यांची मालिका तुटली. आता ती बाहेर खोकी चिकटवते.

"दोन दिवसांत जाईल का?" जयवंतीने विचारलं.

"हात लावू नकोस. एवढंच कर. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी मला लॅबमधून निघायला उशीर झाला आणि बोलणं राहिलं. तेवढ्याने सगळं बिघडलं.

*

जयवंती जन्मली ती वीटभट्टीवर. तिचं गाव डोंगराच्या बाजूला, पाऊस पडेल तेवढीच शेती. भात कापून झालं की तिच्या पाड्यावरची अर्धी घरं कुलपं न लावताच बंद व्हायची. आई, भाऊ सुका, ती आणि पाठची चिमी, सगळे ट्रकमध्ये बसून भट्टीवर. पाऊस जवळ आला की परत. सहा महिने गवताची झोपडी, सहा महिने कुडाचं घर. एवढ्यात शाळा कशी व्हायची? तिची झाली, कारण आश्रमशाळेतल्या एका बाईंनी तिला दिवाळीनंतर घरी सोडायलाच नकार दिला. चौथीपासून दहावीपर्यंत ती भट्टीवर फक्त मे महिन्यात जायची.

पण भट्टीवरचं एक तिच्या अंगात उरलं. कच्च्या विटा वाळायला मांडतात, तेव्हा दोन रांगांमध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा असते. ओल्या विटेला नुसता परकराचा काठ लागला, तरी वळ उठतो. वीट वाया. लहान पोरांना त्या रांगांमधून पाण्याचे डबे घेऊन जावं लागायचं. "अंग चोरून चाल," असं आई म्हणायची. जयवंती अंग चोरून चालायला शिकली.

कंपनीत ती कंत्राटी कामगार म्हणून आली. बाटल्यांवर लेबलं बघायचं काम. काचेच्या पलीकडे पांढऱ्या पोशाखातली माणसं फिरताना तिला दिसायची. जेवणाच्या सुट्टीत ती काचेशी उभी राहून बघायची, ती पोशाख कसा चढवतात ते. चार महिन्यांनी आत जाण्यासाठी चार बायका हव्यात अशी नोटीस लागली, तेव्हा तिने नाव दिलं. बेटेगावच्या भाड्याच्या खोलीत ती सुकाच्या रेनकोटावर सराव करायची. रेनकोटाची पँट गोळा करून एका हातात धरायची, एका पायावर उभं राहायचं, पाय आत घालायचा, आणि प्लॅस्टिक लादीला लागू द्यायचं नाही. लादीवर चिमी पिठाची रेघ ओढायची. पीठ लागलं की नापास.

शेजारची बाई एकदा दारात उभी राहून बघत होती म्हणे. "क्या कर रही है ये? अंदर बारिश हो रही है क्या?"

आत जाणाऱ्या बायकांना वर्षभराच्या कामाचं पत्र मिळणार होतं. बाहेरच्यांना दिवाळीनंतर दोन-तीन महिने काम नसतं, घरी बसवतात. घरी बसणं म्हणजे जयवंतीसाठी भट्टी. आणि ती भट्टीवर गेली तर बेटेगावची खोली सुटणार. खोली सुटली तर चिमीचं बोईसरचं अकरावीचं कॉलेजही सुटणार, कारण चिमी तिच्याजवळच राहायची. शुक्रवारपासून भरण्याची खोली दुरुस्तीसाठी बंद व्हायची होती. उघडणार ती दिवाळीनंतर, आणि तेव्हा यादीत नाव असलेल्या बायकाच आत जाणार होत्या. गुरुवार चुकला तर पुढचा गुरुवार नव्हता.

*

बुधवारी सकाळी मी तिला पाहिलं.

मसुराएवढी पुटकुळी आता रुपयाएवढ्या लाल चट्ट्याच्या मधोमध बसली होती. चट्ट्याभोवती पिवळट कड होती. कातडी चकचकीत, ताणलेली.

"काय केलंस?"

"काय नाय."

"जयवंती, काय लावलंस?"

ती एकेक सांगू लागली. आधी चिमीने मोबाईलवर बघून हळद आणि लिंबाचा रस कालवून लावला. आग आग झाली. तिला वाटलं, आग होते म्हणजे काम करतंय. अर्धा तास तसंच ठेवलं. धुतल्यावर लाली वाढली होती आणि वर हळदीचा डाग. मग शेजारच्या बाईने टूथपेस्ट लावायला सांगितली. "ठंडा ठंडा लगेगा," म्हणाली. ती लावून झोपली. पहाटे उठून पाहिलं तर पांढरी पापडी, तिच्याखाली लाल आणि कडेला पिवळं. हळदीचा डाग ज्ञानेश सरांना दिसला तर? तोंडाला काही फासून यायचं नाही हा नियम तर जमनामावशी रोज बोंबलून सांगते.

"मंग मी आयपीए लावला," ती म्हणाली.

मी तोंडावर हात ठेवला. आयपीए म्हणजे आम्ही हातमोज्यांवर फवारतो ते अल्कोहोल. चेंज रूमच्या दारात त्याची बाटली टांगलेली असते. ती सकाळी साडेसातला येऊन, कोणी नसताना, कापसावर घेऊन ते हनुवटीवर घासत बसली होती.

"तुमीच शिकवलं ना ट्रेनिंगला," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "आयपीएनं जंतू मरतात. पुटकुळीत जंतू असतात. मंग?"

"मोज्यावरचे मरतात. मोजा रबराचा असतो गं. त्याला आग होत नाही. तुझी कातडी सोलली गेली आहे."

चूक तिची होती असं मला म्हणवेना. मीच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सत्तर टक्के, जंतू मारतो. माणसाच्या चेहऱ्यावर लावू नका, असं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. कोण लावेल?

जमनामावशी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आली. तिने जयवंतीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "ह्या बाय! मुंग्या चावल्या का गालफडं भाजलं?"

"मावशी, सरांना नका सांगू."

"मी कशाला सांगू? त्याला डोले नायत काय?" मावशी म्हणाली. मग आवाज खाली करून, "आज तुला आत काम नाय. बाहेर लेबलांवर बस, तोंड खाली घालून. उद्याचं उद्या. पण ऐक, उद्या दारातल्या कागदावर खोटं लिवशील तर मीच तुझा हात धरीन. माझ्या नातीच्या डोल्यात आमचंच औषध जातं."

मावशी गेली. जयवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी मदत करते. पण मावशी म्हणाली तेच माझंही. आत जाण्याआधी भरायच्या कागदावर 'फोड आहे का' असं विचारलेलं असतं, तिथे 'होय' लिहायचं."

"होय लिवायचं? मंग लाली घालवून करू काय? पूजा?"

"लाली दिसली की सर डॉक्टरपर्यंत जाऊच देत नाहीत. लाली उतरली, तर ते डॉक्टरना बोलावतील. उद्या गुरुवार, कंपनीचे डॉक्टर नऊला येतातच. आत पू नाही, तोंड फुटलेलं नाही असं त्यांनी लिहून दिलं, की नियम तुला अडवत नाही. नियमांच्या कागदावर पुढे तसंच आहे. मी तीनदा वाचलंय."

"आणि डॉक्टर नाय म्हणला तर?"

"संध्याकाळी मी तुझ्यासोबत येते," मी म्हटलं.

*

मी त्या दिवशी पाच वाजता तिच्यासोबतच निघाले. मी कोळगावला राहते. खरं तर तिच्या बरोबर उलट दिशेला. घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल.

खोलीत आल्यावर मी आधी सगळं काढून ठेवायला लावलं. हळद, लिंबू, टूथपेस्ट, चिमीने मैत्रिणीकडून आणलेली कसलीशी गोरी करणारी क्रीम. चिमी सोळा वर्षांची, जयवंतीपेक्षा उंच आणि चारपट बोलणारी. ती क्रीम सोडायला तयार नव्हती.

"मॅडम, याच्यावर लिवलंय, सात दिवसांत."

"आपल्याकडे सोळा तास आहेत."

"मंग थोडी जास्त लावू."

"चिमे, गप," जयवंती म्हणाली.

आता लावायचं काहीच नव्हतं. करायच्या होत्या तीन गोष्टी. चेहरा साध्या गार पाण्याने धुवायचा, साबण नाही, घासायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून मिनिटभर टेकवायचा, मग पाच-सात मिनिटं सोडायचा, असं थोडा वेळ करून थांबायचं. आणि हात लावायचा नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते, लाली उतरते. बाकी काम कातडीचं. तिला फक्त त्रास द्यायचा नाही.

पण खोलीत फ्रिज नव्हता. खाली दुकानदाराकडे आईस्क्रीमचा डबा होता, बर्फ नव्हता. चिमी पिशवी घेऊन मासळी बाजारात पळाली. अर्ध्या तासाने परत आली ती हसत.

"बाई म्हणली, मासा कोणता देऊ? मी म्हणलं, मासा नको, बर्फ दे. ती म्हणली, बर्फाचं कालवण करतेस काय गो? मी म्हणलं, ताईच्या तोंडाला लावायचा. तर म्हणते, नवरा शोधतायत काय, मंग बोंबील पण ने, नवऱ्याला करून घाल."

पिशवीत मुठीएवढे चार खडे होते. त्यांना पापलेटाचा वास येत होता आणि एका खड्यात खवला अडकला होता.

"हा तोंडाला लावायचा नाही," मी म्हटलं.

चिमीचं तोंड एवढंसं झालं. "मंग मी धावत कशाला गेले?"

मी दोन नव्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मागितल्या. बर्फ एकीत, ती घट्ट बांधून दुसरीत, दुसरीही बांधली. चिमीच्या कॉलेजचा पांढरा रुमाल पातेल्यात उकळून, पिळून, गार केला आणि बाहेरून गुंडाळला. मासळीचा बर्फ आत, स्वच्छ कापड बाहेर. जयवंतीने तो हनुवटीला टेकवला. मी मोबाईलवर मिनिट लावलं.

पहिल्या मिनिटाला तिने डोळे घट्ट मिटले. आयपीएने सोललेल्या कातडीला गारठाही झोंबत होता. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." पाचव्या फेरीनंतर मी थांबवलं. चट्ट्याची कड थोडी फिकट झाली होती का? मला वाटलं झाली होती. चिमी म्हणाली, नाय झाली. जयवंतीने आरसा मागितला. मी दिला नाही.

"शेजारच्या अंगणात कोरफड हाय," चिमी म्हणाली. "ती तरी?"

कोरफडीचा मला विरोध नव्हता, पण कोणाच्या कातडीला ती खाजते, आणि आज करून बघायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "हाताच्या आतल्या बाजूला लावून बघ. पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर गर पातळ लाव आणि झोपण्याआधी धुऊन टाक." हाताला काही झालं नाही. हनुवटीलाही झालं नाही. झोंबणं मात्र कमी झालं, असं ती म्हणाली.

निघताना पाहिलं तर तिचा उजवा हात वर चालला होता. बोट पुटकुळीकडे.

"जयवंती!"

तिने हात मांडीखाली दाबला. "खाजतंय हो. ते जातच नाय डोक्यातून. आत काहीतरी हाय, दाबलं की निघेल असं वाटतं."

"फुटलं की संपलं. मग डॉक्टर काहीच लिहून देणार नाहीत."

चिमी उठली. दोरीवरचे हिवाळ्याचे हातमोजे तिने काढले, लोकरीचे, एकाचा अंगठा फाटलेला, आणि बहिणीच्या हातांत चढवले. मनगटाशी केसांची रबरं लावली. "झोप आता अशीच," ती म्हणाली. "उठलीस तर मी मारीन."

*

गुरुवारी सकाळी मी तिच्याकडे लगेच पाहिलं नाही. आधी बूट काढले, ओळखपत्र अडकवलं. मग पाहिलं. चट्टा उरला नव्हता. पिवळी कडही गेली होती. पुटकुळी होती, पण बसलेली, फिकट गुलाबी. दुरून बघणाऱ्याला दिसली नसती. जवळून बघणाऱ्याला दिसली असती.

दारात ज्ञानेश सर फाईल घेऊन उभे होते. त्यांनी चेहऱ्याकडे एक नजर टाकली आणि कागद पुढे केला. ताप, नाही. सर्दी, खोकला, नाही. जुलाब, नाही. फोडाच्या ओळीवर जयवंतीचं पेन थांबलं.

मला तेव्हा कळलं की मी तिच्यावर केवढं ओझं टाकलं होतं. सरांना काहीच दिसलं नव्हतं. 'नाही' लिहिलं असतं तर ती तिथूनच आत गेली असती. चिमीचं कॉलेज, खोली, वर्षाचं पत्र, सगळं त्या एका शब्दावर होतं. जमनामावशी टॉवेलांच्या कपाटाशी उभी होती आणि टॉवेल मोजायचं नाटक करत होती.

जयवंतीने 'होय' लिहिलं.

"कुठे?" सर म्हणाले. तिने हनुवटी पुढे केली. सर वाकले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "आता आज हे काय? मला वेळापत्रक आहे. भाविकाच्या वेळेस मी—"

"सर, डॉक्टर आलेत," मी म्हटलं. "नियमात लिहिलंय, संशय असेल तर डॉक्टरचं मत."

"मला नियम शिकवतेस?"

"नाही सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला.

डॉक्टर सव्वानऊला दारात आले. म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी हातमोजे घातले, तिला खिडकीशी नेलं, दोन बोटांनी कातडी ताणून बघितली. "दुखतं?"

"नाय."

"पू आला होता?"

"नाय."

"काय लावलंस?"

जयवंतीने माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. हळद, लिंबू, टूथपेस्ट, आयपीए, बर्फ, कोरफड. मासळी बाजारही वगळला नाही. आयपीए ऐकून डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेवटचं काय लावलंस आणि कधी?"

"काल रात्री कोरफड. झोपायच्या आधी धुतली. सकाळी नुसतं पाणी."

त्यांनी कागदावर लिहिलं: बंद पुटकुळी, कोरडी, स्राव नाही, संसर्गाची लक्षणं नाहीत, आज आत जाण्यास हरकत नाही. खाली सही, वेळ. "आतमध्ये फुटली तर लगेच बाहेर ये आणि सांग," ते म्हणाले.

ज्ञानेश सरांनी कागद दोनदा वाचला. "चल," ते म्हणाले. "पण एक जरी चूक, तर मी थांबवणार."

मी आणि सर काचेच्या या बाजूला. जयवंती त्या बाजूला, एकटी. तिने हात धुतले, वाळवले. टोपी. मास्क. मास्कची कड डाव्या हनुवटीवरून गेली, तेव्हा तिच्या पापण्या फडफडल्या. पोशाखाची घडी तिने आतल्या बाजूने धरली, पायाच्या नळ्या गोळा केल्या, एका पायावर उभी राहिली. पाय आत गेला. कापड जमिनीपासून वीतभर वर. दुसरा पाय. सरांनी फाईलवर बरोबरची खूण केली. बाह्या. चेन. बूट. गॉगल. हातमोजे, एकावर एक.

आता फक्त उभं राहायचं होतं. मोजे चढवल्यावर हात छातीसमोर धरून दोन मिनिटं थांबायचं, मग मी आत जाऊन प्लेटा टेकवणार. या दोन मिनिटांत हात चेहऱ्याला लागला तर नापास.

चाळीस सेकंदांनी तिचा उजवा हात हलला. बोटं हनुवटीच्या दिशेने उचलली गेली. वीतभर. काचेवर माझा तळवा टेकला गेला. सरांचं पेन कागदावर उतरलं.

हात हवेत थांबला. गॉगलमागे तिचे डोळे मिटलेले होते. खाज काय असते ते आपल्याला माहीत असतं. ती थांबवायला जगातलं काहीही पुरत नाही. ती श्वास घेत होती, मास्क आत-बाहेर होत होता. मग हात खाली आला, सावकाश, छातीसमोर, दुसऱ्या हाताच्या शेजारी. कशालाही न लागता.

सरांनी पेन उचललं. काहीच लिहिलं नाही.

*

गुरुवारचे पाच दिवस मंगळवारी पुरे झाले. मी आणि माझे वरिष्ठ दर्पण सर उजेडाखाली एकेक प्लेट बघत होतो. कपाळ, शून्य. छाती, शून्य. डावा हात, शून्य. डावी बोटं, शून्य. उजवी बोटं. तर्जनीच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका.

"हे काय?" दर्पण सर म्हणाले.

बोटांना ठिपका चालत नाही. एकही नाही. सरांनी प्लेट उलटी केली, भिंगाखाली धरली, मग मला दिली. मी बघितलं. ठिपका जेलच्या वर नव्हता, आत होता. गोल, पोकळ, कड चमकणारी. सुईने टोचला तर नाहीसा झाला. हवेचा बुडबुडा.

"लिही," सर म्हणाले. "शून्य."

मी ते लिहिलं, त्यांनी सही केली, आणि मी पळत गेले नाही, कारण आमच्याकडे पळायला मनाई आहे. चहाच्या सुट्टीत ती कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसली होती. पुटकुळीच्या जागी आता फक्त तपकिरी डाग होता. मी सांगितलं. तिने चहाचा कप बाकावर ठेवला आणि सुकाला फोन लावला, म्हणाली, आईला दे.

"आये, मी या वर्साला भट्टीवर येत नाय. चिमीपण नाय." थांबली. "नाय, आजारी नाय. काम लागलं, आत. हो, वरीसभर."

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तिची आई म्हणाली, "बरं. मंग तुझं अंथरूण नाय बांधत."

"नको बांधू," जयवंती म्हणाली.

आई अजून काहीतरी विचारत होती, पातेली कोणती न्यायची, सुकाच्या बायकोला एकटीला पाणी झेपेल का. जयवंती एकेकाचं उत्तर देत राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती उठली नाही, आणि त्या दिवशी जमनामावशीनेही तिला हाक मारली नाही.